खाजनाचा बांध आणि ताटातील भात

चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत म्हापसा, फोंडा किंवा मडगाव येथील बाजारात ज्याने फेरी मारली आहे, त्याला माटोळीचे साहित्य म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. सुपारीचे घोस, नारळाची पेंड, केळीचे घड, निरफणस, दोडकी, मोठाल्या काकड्या, आणि रानातून पहाटे उतरवून आणलेली कांगले, घागऱ्या, माट्टी, कवंडळे. या साहित्याचा एक अलिखित नियम आहे. ते त्या ऋतूचे आणि त्या भूमीचे असावे लागते. अलीकडे कोणी हौसेने सफरचंद टांगतो, पण घरातील वडील माणूस त्याकडे पाहून हसल्यावाचून राहत नाही.

काही वर्षांपूर्वी एका देवस्थानाच्या उत्सवात आम्ही महाप्रसादाच्या पंक्तीला बसलो होतो. खतखते उत्तम झाले होते. तिरफळांचा वास मंडपभर दरवळत होता. भात वाढणाऱ्या गृहस्थांना आम्ही सहज विचारले, तांदूळ आपल्याच शेतातला काय? ते हसले, आणि मागल्या बाजूस रचलेल्या पोत्यांकडे त्यांनी बोट दाखविले. पोत्यांवर दूरच्या एका राज्यातील गिरणीचा छाप होता. देवळाच्या पायऱ्यांवरून दिसणारी शेते मात्र गुडघाभर गवतात उभी होती. गणपतीच्या मस्तकावर गाव आणि देवापुढच्या नैवेद्यात परगाव, हा विसंवाद त्या दिवसापासून आमच्या मनातून गेलेला नाही. तो कसा निर्माण झाला, याचा शोध इतिहासात घ्यावा म्हणून हा लेखनप्रपंच.

गोव्यातील भाताची गोष्ट खाजनापासून सुरू होते. मांडवी, जुवारी आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठी, भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन बांध घालून समुद्राकडून मिळविली, ती खाजन जमीन. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या तालुक्यांतील कित्येक गावांचे अन्न पिढ्यान् पिढ्या या जमिनीने पुरविले. बांध मातीचा, चिऱ्याचा आणि पेंढ्याचा. त्यात ठिकठिकाणी बसविलेले दार म्हणजे मानस. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की मानशीची फळी आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि शेतातले जास्तीचे पाणी नदीत जाते. पहिल्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघते आणि मग कोरगुट पेरला जातो. मीठ सोसणारे, पाण्यात उभे राहणारे हे उंच भात आपल्या पूर्वजांनी निवडून निवडून घडविले.

या व्यवस्थेत एक कठोर अट दडलेली आहे. खेकड्याने बांधाला एक भोक पाडले आणि ते वेळीच लिंपले नाही, तर एका शेतकऱ्याचे नव्हे, अवघ्या गावाचे पीक खारे होते. म्हणून खाजन एकट्यादुकट्याने राखता येत नाही. त्यासाठी संस्था लागते. ती संस्था म्हणजे गावकरी. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा शहर जिंकले त्यापूर्वीच ती पुरातन झाली होती. अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने १५२६ मध्ये तिसवाडीच्या गावांचे रीतिरिवाज लेखनिविष्ट केले. तोच प्रसिद्ध फोराल. त्यात अशी परंपरा नमूद आहे की, कोण्या एका काळी चार माणसे पडीक भूमीवर आली, त्यांनी ती लागवडीस आणली आणि तेथे वस्ती वाढली. वकिलीच्या पेशामुळे आम्हांस या दस्तऐवजातील एका गोष्टीचे फार अप्रूप वाटते: नव्या सत्तेने गावाला हक्क दिले नाहीत, गावाचे हक्क लिहून घेतले. जमीन गावाची, शेते पावणी करून कसावयास दिली जात, आलेल्या उत्पन्नातून सरकारचा फाळा, बांधाची डागडुजी आणि गावाचा सामाईक खर्च भागून उरेल तो गावकारांचा वाटा. देवळाच्या आणि देवसेवकांच्या निर्वाहासाठी जमिनी तोडून दिलेल्या असत.

म्हणजे गावातला तांदूळ शिजवून जो जेवत होता, तो नकळत तीन कामे करीत होता. तो बांध राखत होता, देऊळ राखत होता आणि बियाणे राखत होता. आजच्या भाषेत ज्याला स्थानिक धान्याची खरेदी म्हणतात, त्याचे हे मूळ रूप. त्या काळी तिला वेगळे नाव नव्हते, कारण तिच्यावाचून गाव चालूच शकत नव्हता.

पुढे काय झाले हे या मासिकाच्या वाचकांना ठाऊक आहे. १५४० मध्ये तिसवाडीतील देवळे पाडली गेली; पुढल्या वर्षी त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळविण्यात आले. बार्देश आणि साष्टीवरही तोच प्रसंग ओढवला. १५६० मध्ये कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला. १५६६ मध्ये केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली. अंत्रूज महाल तेव्हा पोर्तुगीज अमलाबाहेर होता. देव पालखीत बसून नदीपार गेले. पण खाजन उचलून नेता आले नाही. जे मागे राहिले आणि ज्यांनी धर्म बदलला, तेही बांध लिंपीतच राहिले, कारण भरतीला धर्म नसतो. गावकरी संस्थाही टिकली. सरकारला फाळा हवा होता. फाळ्याला भात हवे होते. भाताला बांध हवा होता.

आजही २१ ऑगस्टला ताळगावात कणसाचे फेस्त होते आणि इकडे आपण चतुर्थीच्या दिवसांत नव्याची कणसे घरी आणून देवापुढे ठेवतो, तेव्हा एकाच शेताच्या दोन शाखा आपल्याला दिसतात. उपासना वेगळी झाली. कणीस तेच राहिले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. पूर्वीचा गोवा अन्नाच्या बाबतीत स्वयंपूर्ण होता, असे म्हणण्याची एक रीत आहे. ती खरी नाही. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत गोवा शहर कानडा किनाऱ्यावरील तांदळावर जगत होते. बसरूर, होन्नावर, मंगळूर या बंदरांतून तांदळाची गलबते येत, आणि ती अडली की शहराच्या पोटात गोळा उठे. तसेच, जे आज आपले म्हणून मिरवतो त्यातले पुष्कळसे परदेशाहून आले आहे. मिरची, काजू, रताळे, अननस ही सारी अमेरिकेतली. पोर्तुगीज जहाजांतून आपल्या किनाऱ्यास लागली. तरी काणकोणातील खोल गावच्या मिरचीला परकी म्हणण्याचे धैर्य कोण करील? तेव्हा स्थानिक म्हणजे पुरातन नव्हे, आणि बाहेरचे म्हणजे अपवित्र नव्हे. जे आपल्या मातीत, आपल्या पाण्यावर, आपल्या ओळखीच्या माणसाच्या हाताने पिकते ते स्थानिक. ही व्याख्या वाचकांनी पुढील विवेचनात ध्यानात ठेवावी.

आता आपण विसाव्या शतकात येऊ. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. भारत सरकारने आधीच लादलेले व्यापारी निर्बंध त्यानंतर पूर्ण नाकेबंदीच्या रूपास आले. रेल्वेगाडी थांबली, मुंबईतील गोमंतकीय घरी पाठवीत त्या मनिऑर्डरी थांबल्या, घाटावरून येणारे धान्य, कांदे, बटाटे, भाजी थांबली. वसाहतवादी राजवटीस नमविण्याचा हा सनदशीर उपाय होता, आणि त्यामागील हेतूविषयी आमच्या मनात किंतू नाही. पण त्या राजवटीने त्यावर काढलेला तोडगा अभ्यासण्याजोगा आहे. तिने बटाटे हॉलंडहून आणले, तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातून आणली, चहा सिलोनहून आणला. या सर्वांचे मोल कशाने भागले? आपल्याच डोंगरांतील लोहखनिजाने, जे जपानकडे आणि पश्चिम जर्मनीकडे बोटी भरभरून जाऊ लागले होते. डोंगर विकून बटाटे आणण्याचा हा व्यवहार सहा वर्षे चालला, आणि दुकाने भरलेली दिसत होती म्हणून अनेकांना तो सुबत्तेचाच वाटला.

आमच्या घरातील वडीलधारी मंडळी त्या दिवसांची आठवण निराळ्या तऱ्हेने सांगत. बाजारातला डबाबंद माल खेड्यापाड्यांतल्या गरिबांच्या हाती थोडाच येई. तेथे आधार होता तो पुरुमेंताचा: पावसाळ्यापूर्वी भरून ठेवलेली सोले, चिंच, सुकी मिरची, फणसाच्या आठळ्या, मिठागरातले मीठ, आणि कणगीतला उकडा तांदूळ. सकाळची पेज गावच्या भाताची असे. आमची आजी म्हणे की, सरकारने काय आणले ते पणजीकरांना विचारा, आम्हांला मानशीने जगविले. त्या वाक्यात अतिशयोक्ती असेल. तरी त्यातला अर्थ खोटा नाही. बोट येते तोवर बोटीचा तांदूळ असतो. बांधाआडचा तांदूळ सीमा मिटल्यावरही असतो.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. सीमा उघडल्या आणि बेळगावची भाजी पुन्हा घाट उतरू लागली. ते योग्यच झाले. बेळगावचा शेतकरी आपला सख्खा शेजारी आहे, आणि या मासिकाचे कित्येक वाचक त्याच गावचे आहेत. मात्र त्याच सुमारास शेताच्या पाठीमागची जुनी रचना बदलू लागली. १९६४ मध्ये कुळकायदा आला. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन हे तत्त्व त्यात आले. कुळांवर झालेल्या अन्यायाचा तो परिहार होता. त्याबद्दल दुमत असू नये. परंतु जमिनीचा धनी बदलला तेव्हा बांधाचा धनी कोण, हा प्रश्न पुरता सुटला नाही. गावकरीस शेताच्या उत्पन्नाची आशा उरली नाही, म्हणून तिचे बांधावरील लक्ष उडाले. ती जबाबदारी १९७५ च्या नियमांनी कुळांच्या संघांवर सोपविली. काही संघांनी ती निष्ठेने वाहिली. काहींनी मानशीवरील मासेमारीची पावणी केली, आणि मासे जास्त मिळावेत म्हणून पावणी घेणाऱ्याने दार नको त्या वेळी उघडे ठेवले. जे दार खारे पाणी अडविण्यासाठी बांधले होते, त्यातूनच ते आत घेतले गेले. अशा तंट्यांची कागदपत्रे वाचताना आमचे मन विषण्ण होते. कारण दोन्ही पक्ष कायद्याची कलमे उद्धृत करीत असतात आणि शेत तोवर दलदल होत असते.

याचे खरे कारण लोभ म्हणून सोडून द्यावे, तर ते अपुरे ठरेल. मासा विकला जात होता आणि तांदूळ विकला जात नव्हता, हे त्याचे मूळ आहे. बाहेरून आलेला पांढराशुभ्र, घासलेला तांदूळ स्वस्त होता. जास्त उतारा देणाऱ्या जया आणि ज्योती या जाती आल्या. त्यांनी भाताची रास वाढविली हे खरे, पण खाऱ्या खाजनात त्यांचा निभाव लागेना. कोरगुटाचा उतारा मुळातच कमी. त्यास जास्त भाव देणारे गिऱ्हाईक नसेल तर तो कोणी का पेरावा? ज्या तांदळाला विकत घेणारा नाही, त्याच्या बांधाला लिंपणारा मिळत नाही. आणि बियाणे काही नाणे नव्हे, की पेटीत ठेवले आणि पन्नास वर्षांनी काढले. ते दर काही वर्षांनी मातीत गेले नाही तर मरते.

मार्च २०२० मध्ये इतिहासाने आपली परीक्षा पुन्हा घेतली. महामारीच्या टाळेबंदीत राज्याच्या सीमा मिटल्या. काही दिवस किराणा दुकानेही बंद होती. दूध आणि भाजी यांसाठी लोक कासावीस झाले. १९५५ नंतर प्रथमच गोमंतकीयाला कळून आले की आपली सकाळची भाजी रात्रभर घाटातून चालत येते. त्या दिवसांत कोणी दारातली अळूची पाने खुडली, कोणी शेजारणीच्या मळ्यातली तांबडी भाजी घेतली, आणि पुढच्या पावसाळ्यात काही गावांनी वर्षानुवर्षे पडून असलेली शेते एकत्र येऊन नांगरली. तो उत्साह जेथे गिऱ्हाईक मिळाले तेथे टिकला. जेथे सीमा उघडताच लोक जुन्या दुकानाकडे वळले, तेथे गवत परत आले.

आमचा व्यवसाय कायद्याचा. म्हणून कायदा काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे सांगण्याचा अधिकार आम्ही घेतो. खोलची मिरची, मयड्याची केळी, आगशीची वांगी, सात शिरांची भेंडी, मानकुराद आंबा यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यामुळे त्यांच्या नावाची चोरी थांबविता येईल. पण मानांकनाचा कागद मिरचीचे रोप लावीत नाही. २०२३ मध्ये शेतजमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध घालणारा कायदा गोव्यात झाला. त्यामुळे भातशेत बिगरशेतकऱ्याच्या हाती जाणे कठीण झाले आहे. ही चांगली गोष्ट आहे. तरीही शेत विकू नको, असे कायदा शेतकऱ्यास सांगू शकतो. ते पेर, असे तो सांगू शकत नाही. ते सांगण्याचे सामर्थ्य एकाच माणसापाशी आहे, आणि तो म्हणजे तांदूळ विकत घेणारा. कायद्याने जमीन राहते. शेत राहते ते गिऱ्हाइकामुळे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला भावाचा. गावचा उकडा तांदूळ आणि गावची भाजी पुष्कळदा महाग पडते, हे आम्ही नाकारीत नाही. गरिबाने पोट मारून ती घ्यावी असे सांगण्याइतके आम्ही निष्ठुर नाही. परंतु ज्यांच्या घरी लग्नात पाचशे पाने उठतात, त्यांनी किलोमागे चार पैसे जास्त देताना त्यातले काही बांधाच्या मातीसाठी आणि काही उद्याच्या बियाण्यासाठी आहेत, हे समजून द्यावे. पूर्वी हा खर्च गावकरीच्या वहीत मांडला जाई. आज तो दुकानाच्या चिठ्ठीत लपलेला असतो, एवढाच फरक. शिवाय सकाळी खुडलेली भाजी दुपारी पानात पडते तिचा ताजेपणा, आणि दिलेला पैसा संध्याकाळी गावातच फिरतो हा लाभ, यांचे मोल वेगळेच.

दुसरा आक्षेप असा की, हा संकुचितपणा आहे. घाटावरच्या बंधूंचा माल आपण नाकारावा काय? मुळीच नाही. गोव्याला घाटाची गरज होती आणि राहील. कांदा, बटाटा, गहू, डाळ खाजनात पिकणार नाही. ज्या वस्तूला आपली माती अनुकूल आहे ती आधी आपल्या मातीतून घ्यावी, उरलेली शेजाऱ्याकडून घ्यावी, इतकेच आमचे म्हणणे. बेळगावच्या वाचकांनी हेच सूत्र बेळगावच्या बासमतीला आणि तेथील मळ्यांना लावावे. इंदूर-बडोद्याच्या वाचकांनी तेथील ज्वारी-बाजरीला लावावे. जो आपले शेत राखतो, तोच संकटात शेजाऱ्यास पसाभर देऊ शकतो.

आता शेवटी देवस्थानांच्या महाजनांना एक विनंती. १९३३ च्या देवस्थान नियमावलीने आपल्याला देवाच्या मालमत्तेचे विश्वस्त केले आहे. अंदाजपत्रक करणे आणि हिशेब ठेवणे हे आपल्या हाती आहे. वर्षभराचा सारा तांदूळ गावातून घ्या, असे आम्ही म्हणत नाही. वर्षातला एक उत्सव निवडा. त्या उत्सवाला किती खंडी तांदूळ लागतो, हे आपल्या वहीत लिहिलेले आहेच. तितक्या तांदळाचा शब्द मृगापूर्वी गावच्या किंवा शेजारगावच्या कसणाऱ्यास द्या, भाव ठरवा, थोडी उचल द्या. पीक आल्यावर घेऊ असे सांगितल्याने कोणी पेरीत नाही. पेरशील तितके घेऊ, असे सांगितले तर नांगर निघतो. कराराच्या कायद्यात ज्याला वचन म्हणतात, ते येथे बियाण्याइतकेच आवश्यक आहे.

साडेचारशे वर्षांपूर्वी आपले देव नदीपार आले, तेव्हा त्यांच्या शेतांशी असलेला धागा तुटला. तो पुन्हा बांधण्यास कोणाचे राज्य बदलावे लागत नाही, कोणता खटला लढावा लागत नाही. यंदाच्या चतुर्थीस माटोळी बांधून झाली, नव्याची कणसे देवापुढे ठेवली, की घरच्या मालकिणीने आणि मालकाने एकमेकांस एवढेच विचारावे: ही कणसे ज्या शेतातली, त्या शेतातला तांदूळ आपल्या घरात आहे काय? उत्तर नकारार्थी असेल, तर त्या शेताचा धनी कोण, त्याचे घर कुठल्या वाड्यावर, हे विचारून ठेवावे. कापणी अजून व्हायची असते.